टाकीवरची उधळण

करवंटीच्या छताला चिकटलेलं अंडं मोहरीपेक्षा जरासं लांबट असतं. रंग फिकट तांबूस. एका बारीक धाग्यानं ते छतापासून लोंबतं, आणि मादीनं परांनी पाणी हलवलं की सगळी अंडी एकाच दिशेला झुकतात. अक्मारल गेले तीन दिवस हे झुकणं दातांच्या डॉक्टरकडच्या छोट्या गोल आरशात बघत होती. शनिवारी सकाळी तिनं आरसा माशांच्या टाकीत सोडला, अर्ध्या करवंटीच्या दाराशी तिरका धरला, आणि छत रिकामं दिसलं.

याआधी तीन वेळा असंच झालं होतं. एकदा अंड्यांना बुरशी आली, दोनदा आईनंच ती खाल्ली. पण या वेळी मादी तोंड चुकवून पळाली नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी ती मासोळी, लिंबाच्या सालीसारखी पिवळीधमक, पोटाखालचे पर काळेकुट्ट. ती आरशावर धावून आली आणि आतल्या दुसऱ्या पिवळ्या बाईला तिनं दोन टोले हाणले. खाऊन सुस्तावलेली आई अशी भांडत नाही. अक्मारलनं आरसा खाली वळवला. करवंटीतल्या वाळूवर पारदर्शक स्वल्पविरामांचा ढीग पडला होता, आणि तो ढीग थरथरत होता.

"शेपट्या," ती म्हणाली.

एरवी ती इतकं हळू बोलायची की ती काम करायची त्या प्रयोगशाळेतले लोक तिला दोनदा विचारत. हा शब्द मात्र स्वयंपाकघरापर्यंत गेला, आणि स्वयंपाकघरात कुल्पाश आपा होती.

कुल्पाश आपा म्हणजे अक्मारलची आत्या. वय पंचाहत्तर, कान तिखट. सहा वर्षांपूर्वी ती 'आठवडाभर' म्हणून गावाहून अल्माटीला आली होती. बुटके सिक्लिड मासे तिला कधी कळले नाहीत. तपकिरी पाणी, तळाला बागेतून आणलेली ओकची सुकी पानं, वर तरंगणारं हिरवं जंगल, आणि त्यात लपून बसणारे अंगठ्याएवढे मासे. "बिनदुधाच्या चहात मासे पाळलेत," असं ती शेजारणींना सांगायची, आणि बिनदुधाचा चहा हे तिच्या मते पाहुण्याला हाकलायचं साधन होतं. पण गेल्या हिवाळ्यापासून तिला त्या टाकीत फार रस वाटू लागला होता, कारण तिनं दाराआडून एक वाक्य ऐकलं होतं.

ते वाक्य अक्मारलनं येसेनला सांगितलं होतं. येसेन दातांचा डॉक्टर, वय शेहेचाळीस, बायको सोडून गेलेली, आरसा त्याचाच. चार वर्षांपूर्वी पाखरांच्या बाजारात, जिथे मासेही मिळतात, एका पिशवीतली शेवटची मादी दोघांनी एकाच वेळी मागितली. त्यानं ती अक्मारलला सोडली, पण अट घातली की अधूनमधून तिला बघायला येऊ द्यायचं. ती मादी म्हातारी होऊन मेली, येणं चालू राहिलं. त्यानं दोनदा लग्नाचं विचारलं. दुसऱ्या वेळी, हिवाळ्यात, अक्मारल म्हणाली होती, "एकदा पिल्लं पोहायला लागू देत. मग सांगते."

याचा माशांशी संबंध नव्हता. येसेन धाकटा मुलगा, म्हणून कझाक रिवाजानं वडिलांचं घर त्याच्याकडे. ते घर खाली, शहराच्या सपाट भागात, तिथे विहिरींचं जड पाणी. या माशांना वितळलेल्या बर्फाचं हलकं पाणी लागतं, ते वरच्या भागातल्या नळांना येतं. हे कारण अक्मारलनं बरेच दिवस पुढे केलं. मग येसेननं पाणी हलकं करायचं यंत्र विकत घ्यायची तयारी दाखवली आणि ते कारण संपलं. खरं कारण असं होतं, की त्या घरात ती त्रेचाळीसाव्या वर्षी धाकटी सून होणार होती. चार थोरल्या जावा, त्यांचे नवरे, दर रविवारी सगळे हजर, आणि चहाच्या भांड्याशी कोण बसणार, तर नवी सून. प्रत्येकाची वाटी अर्धीच भरायची, रिकामी झाली की पुन्हा अर्धी, आणि कुणाला दूध किती हे लक्षात ठेवायचं. तिला येसेन हवा होता. चहाचं भांडं नको होतं. पण पुरुषानं बायकोच्या घरी राहायला जायचं, हे कझाक माणसाला कसं सांगणार? अशा माणसाला तिथे पिल्लू-जावई म्हणतात. कुत्र्याचं पिल्लू. येसेनला कुणी असं म्हणावं, हे तिला सोसवलं नसतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि माशांवर ढकलत राहिली.

आता शेपट्या हलत होत्या, आणि स्वयंपाकघरात आपानं फोन उचलला होता.

"डॉक्टर? आधी बक्षीस बोल, मग सांगते," आपा म्हणाली. चांगली बातमी फुकट द्यायची नसते. "रुमाल? कसला रुमाल? ... डोक्याचा. रेशमी. झालर असलेला. ... बरं, ऐक. शेपट्या."

"आपा, अगं अजून काहीच नक्की नाही," अक्मारल बाहेरून म्हणाली. "पोहायला पाच दिवस लागतील. पाच दिवसांत काहीही होऊ शकतं."

"पोरी, तू तिथेच उभी राहा. हलू नकोस."

अक्मारल टाकीपुढे उभी राहिली. तिला वाटलं आपा फोटो काढणार.

आपा बाहेर आली ती दोन्ही हातांत लाकडी परात घेऊन. ती परात हिवाळ्यापासून गोळ्या-नाण्यांनी भरून कपाटावर ठेवलेली होती, वर फडकं. आपानं फडकं उडवलं, "सुखी राहा, पोरी" म्हणाली, आणि नवरीच्या डोक्यावरून उधळतात तशी पूर्ण ताकदीनं उधळण केली. तरुणपणी तिनं गावात किती लग्नांत अशी उधळण केली असेल कोण जाणे. हात अजून लांब होता. काही गोळ्या अक्मारलच्या केसांत अडकल्या, काही पलंगावर गेल्या. बाकी सगळी परात तिच्या खांद्यावरून मागच्या उघड्या टाकीत पडली.

टप, टप, टपटपटप, डुबुक.

"आपा," अक्मारल म्हणाली, "टाकीला झाकण नाहीये."

"शकुनाला कुणी झाकण घालतं का?"

कागदात गुंडाळलेल्या टॉफ्या पाणवनस्पतींवर होड्यांसारख्या तरंगत होत्या. साखरेचे चौकोनी खडे तळाला जाऊन आपल्याभोवती धुरासारखं पाणी सोडत होते. कुर्तचे, म्हणजे वाळवलेल्या खारट चक्क्याचे, गोळे दगडासारखे थेट खाली गेले होते. आणि नाणी, पिवळी नाणी, पानांवरून घसरत, लुकलुकत उतरली. एक नाणं बरोबर करवंटीच्या दारात जाऊन उभं राहिलं. मादीनं त्याला टोला हाणला. नाणं हललं नाही. तिनं पुन्हा हाणला.

नर तोवर कोपऱ्यातून बाहेर आला. अंडी घातल्यापासून मादीनं त्याला घराबाहेर काढलेलं होतं. त्यानं कुर्तचा एक गोळा चाखला, थुंकला, परत चाखला.

"बघ," आपा म्हणाली, "त्यानं तरी मान राखला."

अक्मारलनं टेबलावरची मापनाची काडी उचलून पाण्यात धरली. विरघळलेल्या क्षारांचा आकडा ही काडी दाखवते. तो रोज इतका कमी असायचा की प्रयोगशाळेतला कुणी त्याला साधं पाणी म्हणाला नसता. आता तो चढत होता. कुर्तमधलं मीठ तो चढवत होतं. साखर या काडीला दिसत नाही, पण संध्याकाळपर्यंत साखरेवर जंतू वाढतील आणि पाण्यातला प्राणवायू संपवतील. वर हलक्या पाण्यात नाण्यांतलं तांबं. असे तीन मारेकरी एकाच परातीतून आले होते. पिल्लं तर अजून पोहूही शकत नव्हती.

"निम्मं पाणी बदलायचं," ती म्हणाली. "आत्ता. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे, ते चालणार नाही. न्हाणीतलं पिंप आण. नाही, तू नको, मीच आणते."

पिंपात तिनं दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन घालवलेलं पाणी साठवलेलं असायचं. तिनं झाकण उचललं. तळाला एक वाटीभर पाणी होतं.

"आपा, पाणी कुठे गेलं?"

आपानं खिडकीबाहेर बघितलं. "काल शेजारची साउले आली होती. तिच्या दोन्ही सुना आल्या होत्या. तुझ्या पिंपातल्या पाण्याचा चहा फार मऊ होतो, अक्मारल. सगळ्याच म्हणाल्या."

अक्मारल न्हाणीच्या उंबरठ्यावर बसली आणि हसू लागली. हे तिला अपेक्षित नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, त्यासाठी चेहराही तसा झाला होता, पण आलं ते हसूच. हसत हसतच तिनं येसेनला फोन लावला.

"येसेन, पाणी हवंय. ओढ्याचं. साठेक लिटर. आपानं टाकीवर उधळण केली."

"टाकीवर की टाकीत?"

"टाकीत."

"कुर्तसकट?"

"कुर्तसकट."

"निघालो."

"तुझ्या खुर्चीत कुणी आहे का?"

"आहेत एक. त्यांनाही आणतो. इंजेक्शन नुकतंच दिलंय, एकटं सोडता येत नाही, आणि वाया घालवायचं तर जिवावर येतं."

येसेनचा दवाखाना दरीकडे जाणाऱ्या रस्त्यालाच होता. ओढा तिथून गाडीनं दहा मिनिटांवर. तोवर अक्मारलनं बाह्या वर केल्या आणि टॉफ्यांची वेचणी सुरू केली. आपा शेजारी चाळणी धरून उभी राहिली. तिचा हुरूप अजिबात कमी झालेला नव्हता.

"ही लिंबाची गोळी. ही पुदिन्याची. पोरी, ही चॉकलेटची आहे, महाग होती, ही सुकवून खाता येईल."

"नाही, आपा."

"कागद तर शाबूत आहे."

जिन्यावर धपधप आवाज झाला. येसेन पांढऱ्या डगल्यातच आला, दोन्ही हातांत पाण्याचे डबे. त्याच्यामागून दारात मावणार नाही असा एक म्हातारा माणूस चार डबे घेऊन आत आला, दोन हातांत आणि दोन बगलेत. गळ्यात दवाखान्याचा कागदी रुमाल, उजवा गाल सुजल्यासारखा लोंबता.

"हे बैमुरात काका," येसेन धापा टाकत म्हणाला. "पूर्वी कुस्ती खेळायचे. खालची दाढ काढायचीय."

बैमुरात काकांनी आपाला वाकून सलाम केला. अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे शब्द एका बाजूनं गळत होते. "बाई, अभिनंदन," ते म्हणाले. "कुणाचं लग्न?"

"ठरतंय," आपा म्हणाली. "बसा. चहा घ्या."

"चहा नाही," अक्मारल आणि येसेन एकदमच म्हणाले.

ओढ्याचं पाणी बर्फासारखं गार होतं. तसंच ओतलं असतं तर मासे थंडीनं मेले असते. निम्मं तरी गरम करायला हवं होतं, आणि गरम पाण्याचा नळ उन्हाळ्यातल्या नेहमीच्या दुरुस्तीमुळे दोन आठवडे बंद. आपानं लगेच चहाचं पाणी उकळायचा समोवार काढला.

"समोवार पितळेचा आहे. पितळेत तांबं असतं, ते नको," अक्मारल म्हणाली.

आपानं मोठी कढई काढली.

"तिला चरबीचा वास आहे."

"माझ्या कढईला वास?" आपा बैमुरात काकांकडे वळली. "ऐकलंत? चाळीस वर्षं या कढईत मांस शिजवलं, आज माशांना वास येतो."

"मासे चोखंदळ असतात," काका डाव्या गालानं म्हणाले.

शेवटी चिनी मातीचा लेप असलेली बादली आणि दोन स्टीलच्या किटल्या चुलीवर चढल्या. काका किटल्यांपाशी उभे राहिले. अक्मारलनं त्यांच्या हातात तापमापी दिली, आणि ते काडेपेटीएवढी वस्तू धरावी तशी ती दोन बोटांत धरून दर थोड्या वेळानं आकडा ओरडून सांगू लागले. येसेननं घड्याळ काढलं, डगला काढला, आणि खिशातून एक लांब चिमटा काढला.

"साखर मी नळीनं ओढतो. तू काडी बघ. दारातलं नाणं आधी."

त्यानं हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. मादी चिमट्यावर तुटून पडली. तिनं आधी चिमटा चावला, मग त्याचं बोट.

"अजून थोडं उघडा," येसेन सवयीनं म्हणाला. "हं. छान. दुखणार नाही."

अक्मारलला पुन्हा हसू आलं. काडी हातात हलायला लागली, आकडा वाचता येईना. नाणं वर आलं. मग दुसरं, तिसरं. नळीतून साखरेचं पाणी, कुर्तचा गाळ, ओकची चुरा झालेली पानं बादलीत पडत होती. आपा बादलीत डोकावून हिशेब ठेवत होती की अजून किती शकुन वर यायचा आहे.

तेवढ्यात मादी करवंटीत शिरली आणि तोंड गच्च मिटून बाहेर आली.

"खातेय," आपा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "अक्मारल, खातेय ती."

येसेनचा हात पाण्यात थांबला. काका किटली हातात घेऊन दारात आले. मादी घाईघाईनं टाकीच्या डाव्या कोपऱ्यात पोहोचली. तिथे नेच्याच्या मुळांखाली तिनं केव्हातरी उकरून ठेवलेला एक खळगा होता. तिनं त्यात तोंड उघडलं. सात-आठ स्वल्पविराम बाहेर पडले आणि थरथरू लागले. ती परत फिरली.

"खात नाहीये," अक्मारल म्हणाली. "हलवतेय. तिला कळलंय की दारापाशी पाणी बिघडलं."

चौघं उभी राहून बघत राहिली. मादीच्या खेपा चालल्या होत्या. एक पिल्लू वाटेत तिच्या तोंडातून सटकलं. तिनं थांबून, वळून, ते परत तोंडात घेतलं.

"बघ, पोरी," आपाला धीर आला होता. "तीसुद्धा वेळ आली की घर बदलते."

"त्याच टाकीत, आपा," अक्मारल म्हणाली.

ते तिच्या तोंडून निघून गेलं. ती लगेच काडीकडे वळली आणि आकडा बघू लागली. येसेननं तिच्याकडे बघितलं की नाही, हे तिला कळलं नाही.

गरम आणि गार पाणी मिसळून टाकीइतकं कोमट झालं. काका एकेक डबा उचलून देत होते, येसेन बारीक धारेनं ओतत होता. इंजेक्शनचा जोर उतरू लागला असावा, कारण काकांचे शब्द आता सरळ येत होते, आणि आता त्यांना बोलायचंही होतं.

"डॉक्टर, एक विचारू? लग्न अजून ठरतंय म्हणतात, आणि तू आत्तापासून बायकोच्या घरी पाणी भरतोयस. सांभाळ. लोक पिल्लू-जावई म्हणतील."

अक्मारलनं काडीवरून डोकं वर केलं. हाच शब्द. चार वर्षं तिनं जो घरात येऊ दिला नव्हता, तो एक अनोळखी कुस्तीगीर किटलीबरोबर घेऊन आला होता.

येसेन ओतत राहिला. धार तुटली नाही.

"म्हणू देत की, काका," तो म्हणाला. "पिल्लाला निदान वेळेवर खायला मिळतं. माझ्याकडे चार खोल्या आहेत आणि एक थंड चूल. रविवारी भाऊ येतात, चहा मीच ओततो, आणि थोरली वहिनी म्हणते, दूध जास्त झालं."

"वडिलांचं घर मग?"

"थोरल्याच्या मुलाचा डोळा आहे त्यावर. बायको गरोदर आहे त्याची. मी निघालो तर तो मला दारापर्यंत खांद्यावर घेऊन जाईल."

काका हसले, आपा हसली. अक्मारल हसली नाही. ती येसेनच्या कानांकडे बघत होती. खोटं बोलताना, किंवा मन राखायला काही बोलताना, त्याचे कान लाल होत. तिचा पहिला केक खाऊन तो छान म्हणाला होता तेव्हा झाले होते. कितीतरी वेळा तिनं हे पडताळून पाहिलं होतं. आत्ता ते कान नेहमीच्याच रंगाचे होते, एकावर शेवाळाचा तुकडा चिकटलेला.

म्हणजे चार वर्षं ती ज्याच्या वतीनं लाजत होती, तो लाजतच नव्हता. तिनं त्याला कधी विचारलंच नव्हतं.

शेवटचा डबा रिकामा झाला. तिनं काडी पाण्यात धरली. आकडा उतरला होता. पूर्ववत नाही, पण जगता येईल इतका. कोपऱ्यातल्या खळग्यावर मादी पर हलवत उभी होती, पिवळीधमक, आणि जवळ यायचं धाडस करणाऱ्या नराकडे डोळे वटारून बघत होती. केरभरणीत ओल्या टॉफ्यांचा ढीग. आपाच्या मोज्यांना साखर. काकांचा एक हात गालावर, कारण दाढ जागी होऊ लागली होती.

"चला, काका," येसेन बाही पिळत म्हणाला. "परत एक इंजेक्शन लागणार तुम्हाला. ते माझ्याकडून." तो अक्मारलकडे वळला. "संध्याकाळी आणखी पाणी आणतो. आणि तू म्हणाली होतीस ना, पोहायला लागली की. मी काही घाई करत नाहीये. पाच दिवस तर पाच दिवस."

"जगली तर," आपा पुटपुटली. हात तिनं नकळत मागे लपवले होते.

अक्मारलनं आयुष्यात एकही आकडा पडताळणी पूर्ण होण्याआधी कुणाला सांगितला नव्हता. तिनं काडी पुसली, तिच्या खोबणीत ठेवली, आणि ओले हात स्कर्टला पुसले, जे ती कधीच करत नसे. येसेन दारात पोहोचला होता, एका हातात डबे, दुसऱ्या हातानं काकांना जिन्याकडे वळवत. काका थांबले. आपाही थांबली. काही तरी येतंय हे अक्मारलच्या चेहऱ्यावरून तिघांनाही दिसलं असावं.

"येसेन," ती म्हणाली, आणि आवाज जिन्यापर्यंत गेला. "माशांसाठी थांबायला नको. मी लग्न करते तुझ्याशी. पण तुझ्या घरी मी येणार नाही. तू इथे राहायला ये."